गार हवा जाते कुठे

मोगऱ्याचा गजरा. नवरीच्या केसांतून सुटून गाडीच्या डॅशबोर्डवर पडलेला. मे महिना, आणि दुसऱ्या दिवशी दुपारीसुद्धा फुलं टवटवीत.

*

शहाद्याजवळच्या रसवंतीवर एक नवरदेव. फेटा मांडीवर, पाय पाण्याच्या बादलीत. वरात थांबलेली. बँडवाले उसाचा रस पितायत.

*

टिक्. टिक्. टिक्. मग बराच वेळ काही नाही.

*

सुरतेचा भंगारवाला फोनवर विचारतो, गाडी काळी की निळी. त्याने काय फरक पडतो ते सांगत नाही.

*

बांबूची एक चोय, पातळ पट्टी. वाकवली तर वाकते, सोडली तर सरळ होते.

*

उभ्या गाडीत, मागच्या सीटवर एक बाई एकटीच बसलीय. इंजिन चालू, काचा बंद. घाम हनुवटीवरून गळतोय आणि ती तो पुसत नाही.

तोंडावर

ती बाई म्हणजे म्हसावदची शोभाबाई. गाडी तिची स्वतःची. लांब, काळी, जर्मन, वीस वर्षांपलीकडची. कधीकाळी सुरतेच्या एका कापडवाल्या शेठची होती. त्याने नवी घेतली तेव्हा शोभाबाईच्या नवऱ्याने, नवलसिंगने, ही जुनी उचलून आणली आणि लग्नांना द्यायला सुरुवात केली. आसपासच्या गावांत तेव्हा नवरी ट्रॅक्टरमधून नाहीतर जीपमधून सासरी जायची. 'काळी' आल्यावर पोरी हट्ट धरायला लागल्या. मुलगा कसा का असेना, गाडी काळी हवी.

नवलसिंग गेला. दिवसकार्य आटोपल्यावर दिराने चावी मागितली, शोभाबाईने दिली नाही. ट्रॅक्टर तिला येत होताच. कापूस निघालेल्या मोकळ्या शेतात पहाटे पहाटे गाडी फिरवून ती शिकली आणि पुढच्या लगीनसराईत पदर खोचून स्वतः स्टिअरिंगवर बसली. आधी लोक हसले. मग सवयीचे झाले. मग बायकाच म्हणायला लागल्या, बाई चालवते ते बरं, पोरीला मागे बसून निवांत रडता येतं.

या उन्हाळ्यात मात्र काळीने मान टाकली. चालायला झकास, पण मागे बसणाऱ्यांची भट्टी. डॅशबोर्डवर तीन बटणं होती, प्रत्येकावर बसलेल्या माणसाचं चित्र आणि एक बाण. बाण तोंडावर, बाण पायांवर, बाण समोरच्या काचेवर. तोंडावरचं दाबलं की मागच्या सीटच्या जाळीतूनही गार वारा यायचा. आता कोणतंही दाबा, मागे फुंकरसुद्धा नाही. नुसती डॅशबोर्डाच्या पोटात टिकटिक, आणि तीही थोडा वेळ.

शहाद्याच्या मिस्त्रीने गॅस भरला. नंदुरबारच्या मिस्त्रीने तो गॅस काढून आपला भरला. एका मोठ्या शहरातल्या चकचकीत गॅरेजवाल्याने गाडीला वायर जोडली, पडद्यावर बघितलं आणि सांगितलं की गाडीचा मेंदू गेला आहे, नवा परदेशातून मागवावा लागेल, येईल तेव्हा येईल. मधल्या काळात रसवंतीवरच्या त्या नवरदेवाचा प्रकार घडला. त्याला भोवळ आली ती काळीच्या मागच्या सीटवर, आणि ही बातमी वरातीच्या आधी गावात पोचली.

म्हसावदच्या चौकात अजित उभा असायचा. त्याची पांढरी, उंच, नवी गाडी, वर काचेचं छप्पर. शोभाबाई दिसली की तो अदबीने दार उघडून धरायचा आणि विचारायचा, "काकी, तुन्ही गाडी शे का भाकरीना तवा?"

आणि आता प्रकाशा गावच्या रूपचंदच्या मुलीचं, योगिताचं लग्न. केळीवाला रूपचंद, सबंध पट्ट्यात त्याचा शब्द चालतो. काळी त्याने दिवाळीतच सांगून ठेवली होती. रसवंतीची गोष्ट ऐकल्यावर तो स्वतः म्हसावदला आला, ओट्यावर बसला, पाणी प्यायला, आणि शांतपणे म्हणाला, "लगीनना दिवशी पाच वाजता गाडी मन्हा दारसमोर गार पाहिजे, शोभाबाई. नहीते अजितनी गाडी उभी शे."

रूपचंदने जी गाडी परत पाठवली तिला मग कुणी बोलावणार नव्हतं. दिराने भंगारवाला बघूनच ठेवला होता. काळी गेली की स्टिअरिंग गेलं, स्टिअरिंग गेलं की पुन्हा खुरपं हातात आणि दुसऱ्याच्या बांधावर उकिडवं बसणं. शोभाबाईला खुरप्याची लाज नव्हती. पण वाकलेली पाठ एकदा सरळ झाली की तिला परत वाकायचं जिवावर येतं.

पायांवर

लग्नाच्या दिवशी झुंजूमुंजू व्हायच्या आत ती निघाली, ती थेट विसरवाडीला. हायवेच्या फाट्यावर ट्रकांच्या रांगेत, टायरवाल्याच्या शेजारी स्टीफनचं शेड होतं. स्टीफन नवापूरकडचा, डोंगरातल्या गावचा. सुरतेला बरीच वर्षं गाड्यांच्या एसीवर काम करून परत आलेला. बोलायला एवढा की ट्रकवाले त्याच्याकडे गॅस भरायला कमी आणि वेळ काढायला जास्त थांबायचे. शेडमागे चिंचेखाली त्याची आई, सोमीबाई, बांबू फाडून टोपल्या विणत बसलेली असायची आणि मुलाचं बोलणं जास्त झालं की नुसती खाकरायची.

स्टीफनने गाडीभोवती चक्कर मारली. अशा गाड्या आपण डोळे मिटून उघडतो, म्हणाला. गॅस कमी असणार, म्हणाला. सोमीबाई खाकरली.

गॅस कमी नव्हता. त्याने गेज लावलं, काटे जिथे हवे तिथेच. मग कॉम्प्रेसर गेला असणार. कॉम्प्रेसर उत्तम फिरत होता. बॉनेटखालच्या नळीला त्याने हात लावला आणि चटकन काढून घेतला, इतकी ती गार. तासभर त्याने अशी एकेक शंका काढली आणि एकेक शंका त्याच्या तोंडावर पडली. शेवटी तोही मेंदूवर आला. मेंदू म्हटलं की मिस्त्रीची सुटका असते. मेंदू कुणाला दिसत नाही.

शोभाबाईने त्याला थांबवलं. तिला शहरातल्या गॅरेजात हेच ऐकवलं होतं आणि पुन्हा ऐकायला ती एवढं पेट्रोल जाळून आली नव्हती. ती मागचं दार उघडून आत बसली, काचा वर केल्या आणि त्याला सांगितलं, इंजिन चालू ठेव, एसी पूर्ण सोड. नवरी जिथे बसते तिथे मला बसू दे. तू बाहेर थांब.

आणि ती बसली. पहिल्यांदाच, कारण चालवणारा आपल्या गाडीत कधी मागे बसत नाही. पाठ चिकटायला लागली. श्वास जड झाला. तिला त्या बिचाऱ्या नवरदेवाची दया आली. बाहेरून स्टीफन काचेवर टकटक करत होता, तिला वाटत होतं की तो घाबरलाय. तिने त्याच्याकडे बघितलं नाही. ती समोर बघत होती, दोन सीटांच्या मधून, थेट पुढच्या काचेकडे. काच बाहेरून घामेजली होती. पाण्याचे ओघळ वायपरवर येऊन थांबत होते.

इथे घाम मला, आणि तिथे काचेला. असं का.

मग तिला गजरा आठवला. मागच्याच लग्नातला, डॅशबोर्डवर काचेला टेकून राहिलेला. दुसऱ्या दिवशी गाडी पुसताना तिने तो उचलला आणि इतका ताजा बघून स्वतःच्या अंबाड्यात खोवला होता. तेव्हा तिने मोगऱ्याचं कौतुक केलं होतं.

ती दार उघडून बाहेर आली, ओली चिंब, आणि पुढे जाऊन काचेला आतून तळहात लावला. हात झिणझिणला. स्टीफन काहीतरी विचारत होता.

"गाडी थंडी करस रे भाऊ," ती म्हणाली. "पन ती काचले लागी ऱ्हायनी, माणूसले नही."

स्टीफन पहिल्यांदाच गप्प झाला. चिंचेखालून खाकरणं आलं नाही.

काचेवर

हवा दिसत नाही, म्हणून ती जाते कुठे यावर माणसं भांडतात. शोभाबाईने गाडीतल्या खणातून उदबत्ती काढली, रोज सकाळी गाडीला लावायची ती. स्टीफन म्हणाला, आमच्यात मेणबत्ती, धूर तुमच्यात. तरी पेटवली त्यानेच.

उदबत्ती तोंडासमोरच्या जाळीपाशी धरली. बटण तोंडावर. धूर सरळ वर, देवघरात जातो तसा.

पायांपाशी धरली. बटण पायांवर. धूर सरळ वर.

काचेच्या बुडाशी डॅशबोर्डात एक लांब अरुंद फट होती. तिथे धरली. बटण कोणतंही. धूर उडाला, काचेवर आपटला, फुटला.

आता स्टीफनचं तोंड उघडलं ते बंद होईना. आत एक झडप असते, त्याने सांगितलं. मोटर तिला फिरवते, कधी काचेकडचं दार बंद कर, कधी पायांकडचं. ही झडप काचेकडे उघडी राहिलीय. टिकटिक म्हणजे मोटर धडपडतेय, तिला बंद करायला बघतेय, जमत नाही म्हटल्यावर सोडून देतेय. मेंदू शाबूत आहे, मावशी. बिचारा हुकूम सोडतोय, दार लागत नाहीय.

त्याने समोरचा खण काढला, उलटा होऊन आत डोकं घातलं, पाय खिडकीतून बाहेर. मोटर सोडवली. झडपेचा दांडा हाताने फिरवून पाहिला. थोडा फिरला आणि अडला. कशाला तरी अडला. वरून, फटीच्या बाजूने.

मग तो बाहेर येऊन बसला आणि कपाळ पुसलं. झडपेपर्यंत पोचायचं तर सगळा डॅशबोर्ड उतरवावा लागतो. ते काम उद्या संध्याकाळपर्यंत चालेल. आज पाच वाजता कुठलं?

सूर्य चिंचेच्या शेंड्यावर आला होता. प्रकाशा लांब होतं.

सोमीबाईने हातातली टोपली बाजूला ठेवली आणि आपल्या बोलीत एक वाक्य टाकलं. स्टीफनने ते मराठीत आणताना थोडं तोंड वाकडं केलं. "आई म्हणते, टोपलीत काटा शिरला तर टोपली उसवत नाहीत." मग तिने बांबूची एक चोय घेतली, सुरीने दोन्ही बाजूंनी तासली, इतकी की आरपार उजेड दिसावा, आणि टोकाला उलटी खाच पाडली. ती त्याच्या हातात न देता शोभाबाईच्या हातात दिली. गाडी कुणाची आहे ते तिला कळत होतं.

चोय फटीत शिरली, वळली, आत गेली. शोभाबाईच्या बोटांना काहीतरी मऊ लागलं, मग काहीतरी खरखरीत. तिने हळूच ओढली. टोकाला पिवळट तांबडा लगदा, गोंदासारखा. तिने वास घेतला.

हळद.

आणि खाचेत अडकलेला ज्वारीचा एक दाणा.

शोभाबाई त्या दाण्याकडे बघत राहिली. मग तिचे खांदे हलायला लागले. स्टीफनला वाटलं बाई रडतेय, तो पाणी आणायला धावला. परत येऊन बघतो तर ती गाडीच्या चाकाशी फतकल मारून हसत होती, पोट धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

हसू आवरल्यावर तिने सांगितलं. नवलसिंगने गाडी आणली तेव्हाच त्याने एक रीत घालून दिली होती. नवरा-नवरी बसायच्या आधी गाडीचं लग्न. आत वाकून डॅशबोर्डवर मूठभर अक्षता टाकायच्या, म्हणजे काळी रुसत नाही, वाटेत थांबत नाही. लोकांना ते इतकं आवडलं की काळी बोलावली म्हणजे तिच्या वाटच्या अक्षता काढून ठेवल्याच. नवलसिंग गेल्यावर दोघी-चौघींनी नाक मुरडलं, विधवेने अक्षता कशाला टाकायच्या म्हणून. तेव्हा ही मुद्दाम मूठभराच्या जागी ओंजळ टाकायला लागली. एक लग्न चुकवलं नाही. वरचे दाणे ती पुसून घ्यायची. फटीतून आत गेलेल्यांचा हिशेब कुणी ठेवला?

"म्हणजे तुम्हीच तिचं तोंड दाबलं," स्टीफन म्हणाला.

"आशीर्वादखाल दबनी ती," शोभाबाई म्हणाली, आणि तिला पुन्हा हसू फुटलं.

पुढचं काम भराभर झालं. फटीतून कोमट पाणी थोडं थोडं सोडून लगदा सैल केला. चोयीने ती खरवडत राहिली, स्टीफन खालून दांडा हलवत राहिला. मग त्याने शेजारच्या टायरवाल्याकडून हवेची नळी ओढून आणली, खणाच्या जागेतून आत घातली, शोभाबाईला डोळे मिटायला सांगितलं आणि हवा सोडली.

काळीने अक्षता उडवल्या.

फटीतून फवारा उठला. काचेवर ताडताड आपटला, छताला लागला, दोघांच्या डोक्यावर, खांद्यांवर, सीटवर, उघड्या दारातून बाहेर. हळदीची ज्वारी. कुंकवाचे तांदूळ. मोड येऊन वाळलेले दाणे. काही नुसतेच पांढरे तांदूळ, रंग न लावलेले. स्टीफनने तळहातावर घेऊन बघितले आणि ओळखले, हे आमचे, नवापूरच्या चर्चबाहेरचे, आम्ही रंग लावत नाही. त्याने नळी परत लावली. दुसरा फवारा. तिसऱ्याला नुसती धूळ.

खाली दांडा फिरवला. आतून आवाज आला, टप्प. दार लागल्याचा.

मोटर बसवली, इंजिन चालू केलं, बटण तोंडावर. टिकटिक झाली, पण या वेळी ती थांबली ती काम संपल्यावर. शोभाबाई मागे जाऊन बसली. जाळीतून वारा आला आणि तिच्या ओल्या मानेवरून गेला. तिने डोळे मिटले. सोमीबाईलाही बोलावून शेजारी बसवलं. सोमीबाई जरा वेळ बसली, पदर अंगाभोवती लपेटला, आणि हे काही माणसांचं काम नाही असं म्हणून उतरली. तिची मान मात्र ताठ होती.

अक्षता पायदळी येऊ नयेत म्हणून शोभाबाई जमिनीवरून एकेक वेचायला वाकली. सोमीबाईच्या कोंबड्यांना ही अडचण नव्हती. त्या धावत आल्या आणि इतक्या लग्नांचं पुण्य टिपून मोकळ्या झाल्या.

निघताना स्टीफनने बजावलं, यापुढे आत एक दाणा नाही. टाकायच्या तर टपावर टाका.

मागे

तापीच्या पुलावर फोन वाजला. सुरतेचा भंगारवाला, दिराने नंबर दिलेला. गाडी काळी की निळी, त्याने परत विचारलं.

"काळी," शोभाबाई म्हणाली. "आनि इकानी नही."

प्रकाशाला रूपचंदच्या दारात मांडव भरला होता. अजितची पांढरी गाडी आधीच लागलेली, तिच्या बॉनेटवर फुलवाल्याने झेंडूची माळ अर्धी बांधलेली. काळी वळून आत आली तेव्हा गर्दीने वाट दिली, पण ती कौतुकाने नाही, तमाशा बघायला. अजितने गॉगल कपाळावर चढवला.

शोभाबाईने इंजिन बंद केलं नाही. ती उतरली आणि मागचं दार उघडून धरलं. रूपचंदने तिच्याकडे बघितलं, धोतराचा सोगा सावरला आणि आत जाऊन बसला. तिने दार लावलं.

मांडव थांबला. बाहेर ऊन भाजत होतं, सनईवाल्याने सनई खाली घेतली. काच काळी, आतलं काही दिसेना. रूपचंद बाहेर येईना. कुणीतरी कुजबुजलं की त्यालाही भोवळ आली असणार. रूपचंदच्या बायकोने एक पाऊल पुढे टाकलं. अजित हसला.

काच दोन बोटं खाली आली. आतून रूपचंदचा आवाज आला, अगदी संथ.

"कोन्हीतरी शाल आना रे."

मांडवात जो हशा पिकला तो तापीपल्याड गेला असेल. बायकांनी शोभाबाईला मध्ये घेतलं. फुलवाल्याला कुणी सांगावं लागलं नाही, त्याने पांढऱ्या गाडीवरची माळ सोडली आणि काळीवर बांधायला घेतली. अजित त्याला गाठ कशी सोडायची ते दाखवत होता, करायला दुसरं काही उरलं नव्हतं म्हणून.

योगिता बाहेर आली, नवरदेवाच्या शेल्याला शेला बांधलेली. रीतीप्रमाणे सगळे थांबले. तबकात काळीच्या वाटच्या अक्षता होत्या आणि आता शोभाबाई आत वाकणार हे सगळ्यांना माहीत होतं. तिने चारी काचा वर केल्या, दारं लावली, दोन पावलं मागे झाली आणि दोन्ही हातांनी ओंजळ भरून टपावर फेकली. दाणे पत्र्यावर वाजले. लोकांना वाटलं नवी रीत. पुढच्या वेळी कुणी वेगळं केलं तर तेच चुकल्यासारखं वाटेल, अशी ती वाजली.

वरात निघाली. गावातून, देवळाच्या अंगाने, पुन्हा मोठ्या रस्त्याला. बँड पुढे, काळी मागे, चालीच्या वेगाने. जरा वेळाने मागून योगिता म्हणाली, "मावशी, थोडं कमी करा ना. थंडीमा काकडी ऱ्हायनू मी."

शोभाबाईने आरशात बघितलं. नवरीच्या डोळ्यांत पाणी होतं, पण गालांवरची पावडर हलली नव्हती, आणि तिच्या शेजारी नवरदेव फेटा चढवून, हात छातीशी बांधून ऐटीत बसला होता.

"सोस थोडं," ती म्हणाली. "लोकेसले देखू दे."

तिने गारवा आणखी एक घर वाढवला, आपल्या बाजूची काच उतरवली आणि स्टिअरिंगवरचा एक हात काढून खिडकीत टेकवला, कोपर बाहेर, मोठ्या गाड्यांचे ड्रायव्हर ठेवतात तसा.

पुढे अजितचं लग्न झालं तेव्हा वरातीला काळीच होती.